मोरूची शलाका

“...मग मला अजून शास्त्री का म्हणत नाही तुम्ही?”

“तुझी शलाका कुठं झाली आहे?”

“झाली नाही, कारण तुम्ही घेतली नाहीत.”

“तू थांबलास कुठं?” गुरुजी म्हणाले.



मी चहाचे कप घेऊन दारात उभा होतो. आत जावं की परत फिरावं, कळेना. चहा निवायला लागला तसा गेलोच आत. दोघांच्या पुढं कप ठेवले आणि मुकाट्यानं भिंतीला टेकून बसलो. असं भांडण ऐकायला मिळणं म्हणजे भाग्यच, आणि मी ते कधी सोडत नाही.

मोरू म्हणजे डॉक्टर मोरेश्वर धुपकर. संस्कृत आणि पुराणं यांत आज त्याचा शब्द शेवटचा मानतात. दूरदूरची विद्यापीठं त्याला विमानानं बोलावून घेतात. साता समुद्रापलीकडची गोरी माणसं त्याच्यापुढं मांडी घालून टिपणं घेतात. त्याला ‘मोरू’ म्हणणारी दोनच माणसं आता जगात उरली आहेत. एक गुरुजी. दुसरा मी. आणि मीसुद्धा चारचौघांत म्हणत नाही.

गुरुजी म्हणजे नृसिंहशास्त्री आठल्ये. आमच्या वडसंगमच्या पाठशाळेचे शेवटचे शास्त्री. पाठशाळा बंद पडली, शास्त्री तेवढे चालू राहिले. आता नव्वदीला टेकलेत. डोळ्यांनी दिसत नाही. पण दुपारचं पुराण अजून सांगतात, सगळं तोंडपाठ.

मी गजानन. मोरूच्या शेजारी बसून त्याच पाठशाळेत शिकलो. शिकलो असं आपलं म्हणायचं. मोरूला एकदा ऐकून पाठ व्हायचं, मला एकदा ऐकून झोप यायची. पुढं टपालखात्यात नोकरी केली, निवृत्त होऊन गावी आलो, आणि आता गुरुजींच्या शेजारी राहतो. सकाळ-दुपारचा चहा माझ्याकडे.

आणि शलाका... ती जुन्या पाठशाळांतली परीक्षा. शिष्याचा अभ्यास पुरा झाला की सभा भरायची. गुरू डोळे मिटून बंद पोथीच्या पानांत पितळेची एक सळई खुपसायचे. तीच शलाका. ती जिथं शिरेल ते पान उघडायचं, एक ओळ वाचायची, आणि पोथी मिटून टाकायची. तिथून पुढं शिष्यानं बोलायचं. पोथीकडे बघायचं नाही. उतरला, तर गुरू भर सभेत त्याला ‘शास्त्रीबुवा’ अशी हाक मारायचे.

बस्स. कागद नाही, शिक्का नाही. नुसती एक हाक.

मोरूची शलाका ठरली होती. पण तिच्या आधीच पुण्याच्या कॉलेजात त्याला जागा मिळाली, आणि लगेच रुजू व्हा म्हणून निरोप आला. तो गेला. पुढं वर्षातून एकदा यायचा. कधी खांद्यावर नवी शाल, कधी नावापुढं नवी पदवी. गुरुजी शाल बोटांनी चाचपून बघायचे. “ऊबदार आहे,” म्हणायचे. आणि मग, पानात लोणचं वाढायचं राहिलं असं सांगावं तशा आवाजात, “शलाका तेवढी राहिली रे.”

इतकी वर्षं मोरू हसून सोडून द्यायचा. आज त्यानं सोडलं नाही.

“आज घ्या,” तो म्हणाला.

“काय?”

“शलाका.”

गुरुजींनी कप चाचपून उचलला. एक घोट घेतला.

“साखर जास्त झाली, गजा.”

“हो, गुरुजी.”

“का हवी आहे तुला?” हे मोरूला.

“रविवारी सत्कार आहे माझा. पुण्यात. आपल्या माहात्म्याच्या ग्रंथासाठी.”

आपलं माहात्म्य म्हणजे ‘वडसंगममाहात्म्य’. आमचं गाव नकाशात शोधावं लागतं, पण पुराणात त्याला जागा आहे. आमची नदी इथं कशी आली, तिनं काय केलं, याची संस्कृत पोथी आहे. ठिकठिकाणच्या हस्तलिखितांवरून तिचा मूळ पाठ मोरूनं ठरवला. त्यात उमेदीची वर्षं घातली.

“निमंत्रणपत्रिका छापायची आहे,” मोरू म्हणाला. “नावाआधी काय काय लावायचं, असं विचारत होते. डॉक्टर आहे. विद्यावाचस्पती आहे. पण...”

“पण?”

“मला सगळे आठल्येशास्त्र्यांचा शिष्य म्हणून ओळखतात. सगळ्यांना वाटतं, मी शास्त्री असणारच. कोणी विचारतं, शलाका कोणत्या पोथीवर झाली तुमची? मी विषय बदलतो.”

“बदलता येतो ना? मग अडलं कुठं?”

मला हसू आलं. मोरूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कपात तोंड घातलं.

“आणखी काही?” गुरुजी म्हणाले.

“आणखी काय?”

“पत्रिकेसाठी तू इथवर आला नसतास, मोरू.”

मोरू खाली बघत राहिला. बाहेर कुणाच्या तरी म्हशी नदीवरून परतत होत्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत वाजत लांब गेल्या.

“आई विचारायची,” तो म्हणाला.

आवाज एकदम वेगळा. डॉक्टरांचा नव्हताच तो.

त्याची आई, उमाकाकू. नवरा लवकर गेला. चार घरचा स्वयंपाक करून तिनं मोरूला शिकवलं. तो डॉक्टर झाला तेव्हा तिनं गावात साखर वाटली. आमच्याकडेही आली होती. माझ्या हातावर साखर ठेवताना हळूच म्हणाली, “पण गुरुजी त्याला शास्त्री कधी म्हणणार रे?”

“दर वेळी विचारायची,” मोरू सांगत होता. “विद्यापीठात मुख्य झालो तेव्हा. परदेशातून आलो तेव्हा. तिला बाकीचं काही कळायचंच नाही. शेवटच्या आजारातसुद्धा... दवाखान्यात... मला जवळ बोलावलं, आणि तेच विचारलं.”

“मग?”

“मी सांगितलं, म्हणाले.”

गुरुजींनी कप खाली ठेवला.

“म्हटलं, आई, गुरुजींनी शलाका घेतली. भर सभेत मला शास्त्रीबुवा म्हणाले. ...खोटं सांगितलं मी तिला.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. हसली. मग झोप लागली तिला. शांत झोपली, बऱ्याच दिवसांनी.”

  मी कप गोळा करायला लागलो.

“चार वाजता देवळात ये,” गुरुजी म्हणाले.

“देवळात? पण शलाका शास्त्र्यांच्या सभेत होते, गुरुजी.”

“शास्त्री आणू कुठून? गेले सगळे. पुराणाला बायका येतात, त्या बसतील.”

“त्यांना काय कळणार?”

“तू सांगशील ते.”

मोरूनं मग भीत भीत विचारलं, “आणि पोथी कोणती?”

मोठमोठी शास्त्रं त्याच्या डोळ्यांपुढून गेली असणार. वय झालं की माणूस परीक्षेला जास्तच भितो.

“आपलीच. माहात्म्य.”

मोरू मोकळेपणानं हसला. त्या पोथीतली कोणती ओळ कोणत्या हस्तलिखितात कशी आहे, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

*

चार वाजायला अवकाश होता. आम्ही दोघं घाटावर गेलो.

कार्तिकातलं ऊन. नदी निवळ झाली होती, तळाचे गोटे दिसत होते. मोरूनं भारी चपला काढून ठेवल्या, धोतर वर घेतलं आणि पाण्यात पाय सोडून बसला. मी त्याच्या शेजारी.

“इथंच ना रे?” तो म्हणाला.

“इथंच.”

इथंच पहाटे आम्ही पोरं ओळीनं बसायचो. पाय पाण्यात, अंगावर शहारे, आणि तोंडानं म्हणणं चालू. पाय पाण्यात असले की झोप येत नाही, असं गुरुजींचं मत. माझ्या बाबतीत ते खोटं ठरलं. एकदा मी बसल्या बसल्या पेंगून पाण्यात पडलो, आणि मला काढायला गुरुजी पंच्यानिशी उतरले. काठावर आणून पहिलं काय विचारलं, तर “कुठल्या ओळीपर्यंत आला होतास?”

मोरूला ते आठवलं आणि तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाठशाळेची इमारत घाटावरून दिसायची. आता तिथं पतपेढी आहे. जिथं आम्ही घोकत बसायचो त्या खोलीत काचेचं दार आणि थंड हवेचं यंत्र आहे. वाईट वाटतं. वाईट वाटून घेऊ नये असं मी रोज ठरवतो, आणि पेन्शन काढायला गेलो की रोजच्यासारखं वाटतंच.

“किती आवाज असायचा रे इथं,” मोरू म्हणाला.

“हं.”

“पलीकडच्या काठावर ऐकू जायचा. आई म्हणायची, तुझा आवाज त्यातून वेगळा ओळखू येतो मला. स्वयंपाक करता करता ऐकायची.”

 त्या वेळची सगळी माणसं मला एकदम आठवली, आणि ती आता नाहीत हेही.

“गजा, मला भीती वाटते रे.”

“तुला? त्या पोथीची?”

“तेव्हा वाटली नसती.” तो पाण्याकडे बघत राहिला. “तेव्हा झाली असती तर बरं झालं असतं.”

*

चारला देऊळ.

आमचं महादेवाचं देऊळ लहानसं आहे, पण सभामंडप ऐसपैस. पूर्वी पुराणाला पाय ठेवायला जागा नसायची. आता खांबाच्या अलीकडे सगळ्या मावतात. पुढं माळ्याच्या हौसाबाई, त्यांच्या शेजारी काशीकाकू, मग सोनारांची म्हातारी, आणि आणखी काही जणी. प्रत्येकीच्या उजव्या मुठीत अक्षता.

आमच्याकडची ही रीत. पुराणाला बसताना मुठीत तांदूळ घ्यायचे, मूठ मिटायची, आणि ऐकत राहायचं. त्या दिवसाचं पुराण संपलं की तांदूळ पोथीवर वाहायचे आणि मग उठायचं.

गुरुजी चौरंगाशी बसले. समोर कापडातून सोडलेली पोथी. मोरू त्यांच्यापुढं, पाठ ताठ. खांद्यावरची शाल त्यानं काढून ठेवली होती. ते मला आवडलं.

“आज मोरू सांगणार,” गुरुजी बायकांना म्हणाले.

“उमाबाईंचा?” काशीकाकूंनी विचारलं.

“तोच.”

बायका सावरून बसल्या.

“डोळे मिटायची मला आता गरज राहिली नाही,” गुरुजी म्हणाले आणि शलाका पानांत खुपसली.

मी पान उघडलं. ओळ मला वाचायची होती. अडखळत वाचली.

“गजा, तू अजून तसाच वाचतोस,” गुरुजी म्हणाले. “मीट पोथी.”

मी मिटली.

ओळीचा अर्थ एवढाच होता: सुव्रता नदीच्या काठावर बसली.

मोरूच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याची खूण दिसली. त्यानं हात जोडले आणि त्या ओळीच्या आधीच्या कथेपासून सुरुवात केली.

फार मोठा दुष्काळ पडला होता. नदीचं पात्र नुसती वाळू. राजानं सोनं वाहिलं, हत्ती वाहिले, नदी काही येईना. सुव्रता नावाची एक ऋषिपत्नी लहान बाळाला घेऊन पात्रात पाण्यासाठी झिरा खणायला गेली. बाळाला वाळूत खेळायला ठेवलं आणि घागर आणायला काठावर आली. तेवढ्यात डोंगरातून लोंढा आला. नदी आली, आणि बाळ गेलं. गावाला पाणी मिळालं. सगळे नाचायला लागले. सुव्रता तेवढी काठावर बसून राहिली.

इथवर मोरूनं गोष्ट सांगितली, आणि मग तो विद्वान मोरू सुरू झाला.

काय बोलला! नदी माणूस मागते या कल्पनेचा माग त्यानं कुठून कुठवर काढला. कोणत्या देशांत अशा कथा आहेत, कोणत्या हस्तलिखितात सुव्रतेचं नाव निराळं आहे, कोणत्या नकलकारानं कुठं चूक केली. कुठं अडखळणं नाही, चाचपडणं नाही. मला झोप आली नाही, यातच सगळं आलं. माझ्या शेजारी बसणारा हा मुलगा, म्हणून माझी छाती फुगली होती.

“सर्वांत जुनी हस्तलिखितं इथंच संपतात,” मोरू शेवटी म्हणाला. “मूळ माहात्म्य एवढंच. याच्या पुढचा अध्याय प्रक्षिप्त आहे, म्हणजे मागाहून कुणीतरी घुसडलेला. त्यामुळं तो मी मूळ पाठात घेत नाही.”

त्यानं हात जोडले. “इति.”

मी जवळजवळ टाळ्याच वाजवणार होतो.

पण कुणी उठलं नाही.

बायका बसून होत्या. पोथीवर तांदळाचा दाणा पडला नव्हता. मोरूनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे.

“झालं, गुरुजी.”

“ऐकलं.”

“मग?”

“अक्षता वाहिल्या का रे बायकांनी? मला दिसत नाही.”

“...नाही.”

“का?”

 मोरू हौसाबाईंकडे वळला. “हौसाबाई, संपलं पुराण.”

“व्हय की.”

“मग उठा ना.”

“उठते की. पर ती बाई बसलीया न्हवं काठावर?” हौसाबाई म्हणाल्या. “तिला उठू द्या आदी.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. मुठी मिटलेल्याच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या लहानपणी एकदा नदीला पूर आला होता. पुराण चालू, आणि पाणी देवळाच्या पायऱ्या चढायला लागलं. लोक बाहेरून ओरडत होते, उठा, उठा. गुरुजी म्हणाले, आलोच. आणि अशा वेगानं पोथी सांगत सुटले की काही विचारू नका. पाणी नंदीपर्यंत आलं. पोथीतलं बाळ आईच्या हातात परत आलं तेव्हा त्यांनी पोथी मिटली, बायकांनी अक्षता वाहिल्या, आणि मग सगळे गुडघाभर पाण्यातून हसत बाहेर पडले. सुव्रतेला काठावर सोडून आमच्या देवळातून कुणी कधी उठलेलं नाही.

हे मोरूलाही ठाऊक होतं. तोही होता त्या पाण्यात, आईचा पदर धरून.

“गुरुजी,” मोरू हलक्या आवाजात म्हणाला, “पुढचा अध्याय मूळचा नाही. मी सिद्ध केलंय.”

“बरोबर केलंस. नाहीच तो मूळचा.”

मोरू दचकला. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“न ठाऊक असायला काय झालं? अर्धं संस्कृत, अर्धं मराठीच आहे ते. वृत्तसुद्धा धड नाही.”

“आणि तरी तुम्ही दरवर्षी सांगता?”

गुरुजींनी उलट विचारलं, “कोणी लिहिला असेल रे तो?”

“कोणीतरी पुराणिक. इथलाच असावा. नाव मिळत नाही.”

“का लिहिला असेल?”

मोरूकडे याचं उत्तर होतं. मी वाचलंय ते, त्याच्या प्रस्तावनेत पानंच्या पानं आहेत. क्षेत्राची कीर्ती वाढावी म्हणून. यात्रेकरू यावेत म्हणून. राजाश्रय मिळावा म्हणून.

त्यानं तोंड उघडलं.

समोर हौसाबाई बसल्या होत्या. शेजारी काशीकाकू. सोनारांच्या म्हातारीची मूठ अजून मिटलेली होती.

मोरूनं तोंड मिटलं.

 देवळाच्या मागून नदीचा आवाज तेवढा येत होता.

“सांग पुढं,” गुरुजी म्हणाले.

“मला पाठ नाही तो.”

“का?”

“गाळलाय मी. शेवटी परिशिष्टात टाकलाय, बारीक टायपात. त्यातल्या चुका सांगू शकेन, गुरुजी. पण पहिल्यापासून... नाही येणार.”

“इथं बसून ऐकलास की नाही लहानपणी?”

“ऐकला.”

“मग झालं तर.”

मोरूनं डोळे मिटले. आधी संस्कृतात सुरुवात केली. दोन शब्द आले आणि अडलं. पुन्हा केली, पुन्हा अडलं. कपाळावर घाम आला. इतक्या सभा गाजवलेला माणूस, आणि त्याला पुढचा शब्द मिळेना. मला बघवेना.

मग त्यानं संस्कृत सोडून दिलं.

“सुव्रता बसली ती बसलीच,” तो म्हणाला. साधं, घरात बोलतो तसं. “लोक म्हणाले, अगं, गावाला पाणी मिळालं. ती म्हणाली, मिळालं ना, प्या. मी उठणार नाही. समोरून पाणी वाहत होतं, आणि ती तहानेली. पण तिनं ओंजळ बुडवली नाही.”

“न्हाईच बुडवायची,” हौसाबाई म्हणाल्या.

“मग नदीलाच राहवेना. ती बाईचं रूप घेऊन काठावर आली. कडेवर बाळ. म्हणाली, बाई, मला मूल नाही, बाळ नाही. डोंगरापासून इथवर एकटीच आले. तुझं पोर वाळूत खेळताना दिसलं, आणि मला मोह पडला. नुसतं खेळवायला नेलं होतं गं. घे, तुझं तुला.”

काशीकाकूंनी नाक पुसलं. ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल, देव जाणे. दर वेळी त्या इथंच नाक पुसतात.

“सुव्रतेनं हात पुढं केले,” मोरू सांगत होता. “बाळ ओलंचिंब. तिनं त्याला मांडीवर घेतलं. पदरानं त्याचं डोकं पुसायला लागली. खसाखसा. पुसता पुसता रागावली, किती वेळ रे पाण्यात? सारखं आपलं पाणी. आता रात्रभर शिंकत बसशील, आणि मला...”

त्याचा आवाज गेला.

मी मान वर केली. मोरूचे डोळे मिटलेले होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. पुसायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

बायका थांबल्या होत्या. गुरुजींनी मान किंचित वाकडी केली होती, नीट ऐकू यावं म्हणून.

“...आणि मग ती नदीला म्हणाली,” मोरूनं पुढं सांगितलं, “तुला मूल नाही म्हणतेस, तर तू याची मावशी हो. येत जा. खेळवत जा. पण तिन्हीसांजेच्या आत घरी आणून सोड. नदी म्हणाली, सोडीन. तेव्हापासून ती आमच्या गावाची मावशी. सुव्रता बाळाला घेऊन उठली आणि घरी गेली.”

तो थांबला.

“उठली,” हौसाबाई म्हणाल्या.

त्यांनी मूठ उघडली. तांदूळ घामानं हाताला चिकटले होते, ते दुसऱ्या हातानं सोडवून त्यांनी पोथीवर वाहिले. मग काशीकाकू. मग सोनारांची म्हातारी. एक एक करून सगळ्या उठल्या.

जाता जाता हौसाबाई मोरूपुढं थांबल्या. त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

“लई ग्वाड सांगितलंस, बाबा. तुजी आय हितं खांबाला टेकून बसायची. मूठ घट धरायची, अक्षी पांढरी पडस्तवर.”

मोरूनं वाकून त्यांना नमस्कार केला. डॉक्टर धुपकर कुणाला वाकल्याचं मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

देवळात आम्ही तिघंच उरलो.

मला वाटलं, आता तो विचारेल. उतरलो की नाही, एवढं तरी. त्यासाठीच तर आला होता. पण मोरू तसाच बसून राहिला, पोथीवरच्या तांदळांकडे बघत. शलाका बाजूला पडली होती. तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

मी समई लावली.

“गुरुजी,” किती तरी वेळानं तो म्हणाला.

“हं.”

“पण तो अध्याय... खोटाच आहे ना?”

गुरुजींनी पोथीवर हात फिरवला. तांदूळ एका बाजूला केले. कापडाची टोकं चाचपली आणि सावकाश गाठ मारली.

“खोटाच आहे, शास्त्रीबुवा,” ते म्हणाले. “आणि पदरानं डोकं पुसायचं त्यात आजवर नव्हतं. ते तुम्ही घातलंत.”